तुमचा श्रावण कधी लागतो?

२०२५ सालचा १५ ऑगस्ट घ्या. शुक्रवार होता. कृष्णपुऱ्यातल्या मराठी घरात भिंतीवरच्या पंचांगात त्या दिवशी श्रावण वद्य सप्तमी. त्याच जिन्यात समोर राहणाऱ्या माळवी कुटुंबाच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण सप्तमी. भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगात २४ श्रावण १९४७. अमेरिकेत शिकणाऱ्या नातवाच्या लॅपटॉपवर आधी महिना, मग दिवस: ८/१५. दिवस एकच, तारखा चार, आणि चारही बरोबर.

चारही बरोबर आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं कुठे अडत नाही. ‘तारखेत काय समजवायचंय’ म्हणणारा मात्र स्वतः अडतो आणि दुसऱ्यालाही अडवतो. आज ॲप तोच बनवतो, फॉर्म तोच छापतो, हिशेबाची फाइलही तोच पाठवतो. या आठवड्याचं सदर त्याच्यासाठी.

कृष्णपुरा म्हणजे इंदूरचं पोट. कान्ह नदीच्या काठावर कृष्णाबाई होळकर, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांच्या छत्र्या उभ्या आहेत आणि पुलावरून पुढे गेलं की राजवाडा. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि दरबाराच्या मागोमाग मराठी घरं या भागात वाढत गेली. ती सोबत आपलं पंचांगही घेऊन आली. माळव्यात महिना पौर्णिमेला संपत होता, म्हणजे पूर्णिमान्त; आपला अमावास्येला संपतो, म्हणजे अमान्त. दोघांनी एकमेकांचं मोडलं नाही. दोन शतकं दोन्ही पंचांगं एकाच गल्लीत चालू आहेत.

ज्यांना हा फरक घरात शिकायला मिळाला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शुक्ल पक्षात भांडण नाहीच. चैत्र शुक्ल प्रतिपदा आपली तीच त्यांची, गुढी आपण उभारतो, नवीन विक्रम संवत ते मोजायला लागतात. फरक पडतो वद्य पक्षात. पौर्णिमेनंतरचा पंधरवडा आपण चालू महिन्याचा उत्तरार्ध धरतो आणि ते पुढच्या महिन्याचा पूर्वार्ध धरतात. म्हणून रंगपंचमीला राजवाड्यासमोरून जी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते ती आपल्या हिशेबी फाल्गुन वद्य पंचमीला आणि त्यांच्या हिशेबी चैत्र कृष्ण पंचमीला. आपला पितृपक्ष भाद्रपदात, त्यांचा आश्विनात. लक्ष्मीपूजन आपलं आश्विन अमावास्येला, त्यांचं कार्तिक अमावास्येला. या तिन्ही गोष्टी दोघांकडे त्याच दिवशी होतात, बदलतं ते फक्त महिन्याचं नाव.

पण व्रत जिथे महिन्याला बांधलेलं असतं तिथे दिवसच बदलतो. २०२५ मध्ये उत्तरेकडच्या पद्धतीची वटसावित्री २६ मेला झाली, ज्येष्ठ अमावास्येला. आपली वटपौर्णिमा १० जूनला. एकाच वडाला पंधरा दिवसांत दोनदा सूत गुंडाळलं गेलं आणि दोन्ही वेळा ते ज्येष्ठातच गुंडाळलं गेलं. श्रावणाचंही तसंच. त्या वर्षी समोरच्यांचा सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला.

जिन्यात समोरच्या भाभी विचारतात, “काकी, हमारा सावन तो लग गया, आप लोगों का कब से है?” काकू म्हणतात, “हमारा अमावस के बाद, भाभी. अभी पंधरा दिन है.” संपलं. या दोन वाक्यांत सॉफ्टवेअरवाल्यांनी शिकावं असं सगळं आहे. विचारणारीला माहीत आहे की आपली गणना एकमेव नाही. सांगणारी नुसती तारीख देत नाही, ‘अमावास्येनंतर’ म्हणजे कोणत्या गणनेने तेही सांगते. कुणी कुणाला चूक ठरवत नाही. एवढं शहाणपण जिन्यात आहे आणि हजारो रुपयांच्या फोनमध्ये नाही, याचा मला राग येतो.

२०२३ मध्ये तर या गणनांची खरी परीक्षा झाली. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. आपल्याकडे १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक, आणि खरा श्रावण, म्हणजे निज श्रावण, १७ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. समोरच्यांचा सावन ४ जुलैला लागला, मध्ये अधिक महिना गिळून ३१ ऑगस्टला संपला. त्यांचा पहिला श्रावणी सोमवार १० जुलैचा आणि आपला २१ ऑगस्टचा. सहा आठवड्यांचं अंतर! फोनमधल्या एखाद्या ॲपने त्या वर्षी नुसतं ‘श्रावण सोमवार’ असं लिहून घंटी वाजवली असेल, तर त्याने निम्म्या इंदूरला खोटं सांगितलं. ‘पूर्णिमान्त गणनेनुसार’ एवढे दोन शब्द खाली लिहिले असते तर तेच वाक्य खरं झालं असतं.

उज्जैनने यातून मार्ग काढलाय, तो पाहण्यासारखा आहे. महाकालाची सवारी श्रावणातल्या सोमवारी निघते, शिवाय भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातल्या सोमवारीही निघते. उत्तरेच्या श्रावणाला पुढचा भाद्रपद कृष्ण पक्ष जोडला की आपला अख्खा श्रावण त्यात बसतो. २०२३ मध्ये पहिली सवारी १० जुलैला निघाली, शेवटची ११ सप्टेंबरला, आणि तो आपला शेवटचा श्रावणी सोमवार होता. शिंद्यांच्या राज्यात मराठी गणनेला मान मिळाला त्याची ही खूण, असं इकडे सांगतात. कारण काहीही असो, देवाच्या पालखीने दोन्ही पंचांगांना जागा दिली हे खरं.

आता अहिल्याबाईंचा दिवस घेऊ. हे उदाहरण मला सगळ्यात जवळचं आहे. बाई गेल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी. ही इंग्रजी तारीख झाली. महेश्वरात त्या दिवशी कुणी ती तारीख लिहिली नसणार. आपल्या हिशेबाने तो श्रावण वद्य चतुर्दशी, शके १७१७. उत्तरेच्या हिशेबाने भाद्रपद कृष्ण चतुर्दशी, विक्रम संवत १८५२. मराठी दफ्तरात तेव्हा आणखी एक सन चाले, सुहूर सन, ज्याचं वर्ष मृग नक्षत्रावर बदलतं आणि ज्याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात. त्या सनाने हे वर्ष ११९६, म्हणजे ‘सीत तिसैन मया व अलफ’. कागदाच्या शेवटी ‘छ’ घालून हिजरी महिन्याचा चंद्र लिहायची रीत होती, त्या गणनेने मोहरम १२१०. एका मृत्यूचे हे पाच पत्ते. जुन्या कागदांत यांपैकी कुठलाही एक सापडू शकतो, आणि तो कुठल्या गणनेतला हे कळलं नाही तर माणूस पंधरा दिवस, महिना, कधी अख्खं वर्ष चुकतो. म्हणून तर मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांच्या टेबलावर जंत्री लागते. बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री, ग. स. खऱ्यांची जंत्री: या पुस्तकांत गोष्ट नाही, वर्णन नाही, नुसते तक्ते आहेत. एका गणनेचा दिवस दुसऱ्या गणनेत नेऊन दाखवणं एवढंच त्यांचं काम. त्या तक्त्यांशिवाय होळकरशाहीचा इतिहास लिहिता आला नसता.

आणि आजही पाहा. बाईंची जयंती आपण ३१ मेला करतो, इंग्रजी तारखेने, आणि पुण्यतिथी तिथीने. इंदुरात अहिल्योत्सवाची पालखी निघते तेव्हा हिंदी पत्रिकेवर भाद्रपद असतो आणि मराठी घरात श्रावण. कुणाच्याच मनात गोंधळ नसतो, कारण कोणती पत्रिका कोणत्या पंचांगाची हे सगळ्यांना ठाऊक असतं. हे जेव्हा सगळ्यांना ठाऊक नसतं, तेव्हा काय होतं ते महाराष्ट्राने शिवजयंतीला पाहिलंय. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख युरोपातल्या जुन्या, जूलियन पंचांगाची आहे, आजच्या ग्रेगोरियन पंचांगात तो दिवस १ मार्चला पडतो. तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. तारखेची जयंती आणि तिथीची जयंती या वादात किती माणसांना हे कुणी नीट समजावून सांगितलं?

आता फोनकडे वळू.

तुमच्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये भाषा आणि प्रदेश यांचं एक जोड-सेटिंग असतं. कॉम्प्युटरवाले त्याला लोकेल म्हणतात. ‘मराठी (भारत)’, ‘हिन्दी (भारत)’, ‘इंग्रजी (अमेरिका)’, ‘इंग्रजी (भारत)’ अशी त्याची नावं असतात. तारीख कशी दिसणार, दिवस आधी की महिना आधी, आकडे कोणत्या लिपीत, घड्याळ बारा तासांचं की चोवीस, आठवडा रविवारी सुरू की सोमवारी, हे सगळं या एका निवडीवर ठरतं. यातले बहुतेक नियम युनिकोड कन्सॉर्शियमच्या सीएलडीआर नावाच्या माहितीसाठ्यात लिहून ठेवलेले आहेत आणि जगातले बहुतेक फोन, ब्राउझर तिथूनच ते घेतात.

करून पाहा. एकाच फोनवर १५ ऑगस्ट २०२५ ही तारीख ‘इंग्रजी (अमेरिका)’ मध्ये ८/१५/२०२५ अशी दिसेल, इंग्रजी आकड्यांत. ‘हिन्दी (भारत)’ केलं की १५/८/२०२५ होईल, पण आकडे इंग्रजीच राहतील. ‘मराठी (भारत)’ केलं की तीच तारीख देवनागरी आकड्यांत येईल. हिंदीला इंग्रजी आकडे आणि मराठीला देवनागरी, हा सीएलडीआरचा ठरलेला नियम आहे. कृष्णपुऱ्यात एकाच दुकानात काम करणाऱ्या दोघांच्या फोनवर एकाच पावतीची तारीख दोन लिप्यांतल्या आकड्यांनी दिसते, त्याचं कारण हे. फोन बिघडलेला नाही. मला स्वतःला देवनागरी आकडे पाहून बरं वाटतं आणि ते टिकावेत असं मी मानतो. पण बँकेच्या फॉर्ममध्ये हेच आकडे टाकले की फॉर्म लाल होतो आणि ‘चुकीची तारीख’ म्हणतो, तेव्हा मराठी निवडणाऱ्या माणसाला शिक्षा झाल्यासारखं होतं. फोनने ज्या आकड्यात तारीख दाखवली, ती त्याच आकड्यात फॉर्मने घेतलीच पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याने मराठीचा पर्याय ठेवून फसवू नये.

त्याच साठ्यात ‘भारतीय’ नावाचं एक कॅलेंडरही आहे. ते निवडलं तर फोन श्रावण दाखवतो, पण तो आपला नाही आणि समोरच्या भाभींचाही नाही. ते राष्ट्रीय सौर पंचांग आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते सुचवलं आणि २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र १८७९ ला, ते सुरू झालं. त्याचा श्रावण दरवर्षी २३ जुलैलाच लागतो, चंद्र कुठेही असो. या पंचांगाची तारीख घातलेला धनादेश बँकांनी घ्यावा असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, राजपत्रावर ही तारीख छापली जाते, आकाशवाणीवर ती सांगितली जाते. पंचांग चांगलं आहे, सोपं आहे. पण फोनमध्ये नुसतं ‘भारतीय’ लिहून ठेवलं की उपासाला बसणारी बाई त्यावर विसंबेल. ‘राष्ट्रीय सौर’ असं स्पष्ट लिहायला काय जातं? थायलंडच्या लोकेलमध्ये फोन आपण होऊन बौद्ध संवत दाखवतो, तिकडे २०२५ सालाला २५६८ म्हणतात. म्हणजे यंत्राला वेगवेगळी वर्षं दाखवता येतात. दाखवणाऱ्याची तळमळ कमी पडते.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र होतं ते एक्सेलमध्ये, आणि ते गुपचूप होतं.

ऑगस्ट महिन्याच्या पावत्यांची साधी मजकुराची फाइल आहे, सीएसव्ही. तारखा आपल्या पद्धतीने टाकलेल्या, आधी दिवस मग महिना. ज्या कॉम्प्युटरवर ती एक्सेलमध्ये उघडली त्याचं सेटिंग ‘इंग्रजी (अमेरिका)’. ०१/०८ ची पावती मुकाट्याने ८ जानेवारीची झाली. ०२/०८ ची ८ फेब्रुवारीची. असं करत १२/०८ ची ८ डिसेंबरची. मधली ०८/०८ तेवढी वाचली. मग आली १३/०८. तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेलने तिला तारीख मानलंच नाही, नुसती अक्षरं समजून डावीकडे ठेवून दिलं. फाइल नीट पाहिली तर पहिल्या बारा तारखा रकान्यात उजवीकडे चिकटलेल्या दिसतात आणि उरलेल्या एकोणीस डावीकडे. ही खूण लक्षात ठेवा, पुष्कळ मनस्ताप वाचेल. डावीकडच्या तारखा बरोबर आहेत, फक्त यंत्राला कळल्या नाहीत. उजवीकडच्या यंत्राला कळल्या, म्हणूनच चुकल्या. कुठेही लाल अक्षर नाही, सूचना नाही. जीएसटीचा तिमाही हिशेब लावणाऱ्या मुनीमजीला जानेवारीत एक पावती जास्त दिसते आणि तो बिचारा रात्री अकरापर्यंत रोजमेळ चाळत बसतो.

वर्षात १३२ दिवस असे आहेत की त्यांची तारीख आकड्यांत लिहिली तर दोन अर्थ होतात. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस, त्यातून १/१, २/२ अशा बारा जोड्या वजा. म्हणजे तीन दिवसांतला एकाहून जास्त. हा धोका फक्त पेढीवर आहे असंही नाही. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये मार्च आणि सेप्ट या अक्षरांनी सुरू होणारी जनुकांची नावंच बदलून टाकली, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. शास्त्रज्ञांनी नावं बदलली, यंत्र तेव्हा आपल्या जागी राहिलं.

वेळेचं प्रकरण वेगळं आहे आणि लोक ते तारखेशी कालवतात. लोकेल फक्त दाखवण्याची रीत ठरवतं. घड्याळात किती वाजले हे टाइम झोन ठरवतो. फोनची भाषा मराठीवरून इंग्रजी केली म्हणून मिनिट इकडचं तिकडे होत नाही. भारताचा टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ या नावाने नोंदलेला आहे, त्यात इंदूर नाही म्हणून घाबरू नका. सगळ्या देशाला एकच वेळ, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे; ती १९०६ मध्ये ठरली. मुंबईने मात्र आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती.

इंदूरचा सूर्य मात्र त्या वेळेने चालत नाही. प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंशांवर, इंदूर ७५.८६ अंशांवर. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला मध्यान्ह सरासरी साडेसव्वीस मिनिटं उशिरा. आपल्या ज्योतिष्यांची मध्यरेखा उज्जैनवरून जात होती आणि उज्जैन इंदूरच्या जवळजवळ बरोबर उत्तरेला आहे. म्हणजे ज्या जुन्या घड्याळाने साऱ्या भारताची पंचांगं मोजली गेली, ते सूर्याचं घड्याळ आपल्या डोक्यावरच होतं. मराठी दिनदर्शिकांतल्या संकष्टीच्या चंद्रोदयाच्या तक्त्यात मुंबई, पुणे, नागपूर यांच्यासोबत इंदूर आणि ग्वाल्हेर छापतात ते गावागणिक वेळ वेगळी पडते म्हणूनच. मुंबई आणि इंदूर यांच्यात नुसत्या रेखांशाने बारा मिनिटांचा फरक पडतो. त्या तक्त्यात गाव आधी येतं आणि वेळ नंतर. गावाशिवाय चंद्रोदयाची वेळ छापायचं कुठल्याही दिनदर्शिकेच्या मनात येत नाही.

आणि दिवस कधी बदलतो? पंचांगात सूर्योदयाला, घड्याळात मध्यरात्री. मंगळवारी रात्री दोन वाजता बाळ झालं तर आजी म्हणते मंगळवारचं, दाखल्यावर येतो बुधवार. रेल्वेच्या तिकिटावर १५ तारखेला ००:१० असं लिहिलेलं असतं तेव्हा गाडी १४ च्या रात्री पकडायची असते. पंधराच्या रात्री सामान घेऊन स्टेशनावर पोचणारी कुटुंबं इंदूर जंक्शनवर कुणाला नवीन नाहीत. तिकिटावर ‘१४ आणि १५ च्या मधली रात्र’ एवढी एक ओळ छापा, सगळा प्रश्न मिटतो.

एक चूक मात्र शुद्ध आळसाची आहे. जन्मतारखेला वेळ नसते, पण पुष्कळ ॲप ती ‘मध्यरात्री बारा’ धरून ग्रीनिचच्या वेळेत साठवतात. आपली १५ ऑगस्टची मध्यरात्र म्हणजे ग्रीनिचची १४ ऑगस्टची संध्याकाळ, साडेसहा. परत दाखवताना साडेपाच तास मिळवायला विसरलं की माणूस एक दिवस आधी जन्मतो. मग आधारवर एक, दुसऱ्या कागदावर एक, आणि पेन्शनीच्या खिडकीवर म्हातारा माणूस शपथपत्र करत हिंडतो. जन्मतारीख नुसती तारीख म्हणून साठवा. तिच्यात वेळ घालू नका. हे कोणत्याही शिकाऊ प्रोग्रामरला येतं आणि तरीही दरवर्षी चुकतं.

मग दाखवायचं कसं? विंडोजच्या जुन्या ‘रीजन’ खिडकीत एक चांगली गोष्ट होती आणि आजही आहे: तुम्ही फॉरमॅट बदलला की खाली लगेच नमुना बदलतो. आजची तारीख छोटी अशी दिसेल, मोठी अशी दिसेल, वेळ अशी दिसेल. वाचणाऱ्याला लोकेल हा शब्द माहीत असायची गरजच उरत नाही, डोळ्यांना कळतं. प्रत्येक ॲपने, प्रत्येक सरकारी पोर्टलने हेच करावं. तारीख भरायच्या चौकटीखाली नमुना द्या, आणि नमुन्यात १२ च्या पुढचा दिवस घ्या, म्हणजे दिवस कुठला आणि महिना कुठला ते विचारावं लागणार नाही. ०५/०५ चा नमुना देणाऱ्याने नमुना न दिलेला बरा. साठवताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने साठवा, आयएसओ ८६०१ हे मानक १९८८ पासून तेच सांगतंय, आणि दाखवताना माणसाच्या रीतीने दाखवा. पंचांग दाखवत असाल तर अमान्त की पूर्णिमान्त ते नावानिशी लिहा आणि दोन्ही निवडू द्या. इंदूर, उज्जैन, ग्वाल्हेर, देवास, धार, झाशी, काशी: जिथे जिथे मराठी घर पूर्णिमान्त शेजारात राहतं, तिथे हा पर्याय हवाच. हा हट्ट नाही, आपला तो हक्क आहे.

परदेशातल्या नातलगांना तर दुप्पट जपा. न्यू जर्सी आपल्या उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा तास, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं सरकवतात. ऑनलाइन सत्यनारायणाला ‘रविवारी ८:३०’ एवढंच कळवलं की अर्धी मंडळी आरतीला हजर आणि अर्धी झोपेत.

म्हणून वाचकहो, लग्नसराई तोंडावर आली आहे. पत्रिका छापायला टाकण्याआधी महिना अक्षरांत लिहा, वर्ष चार आकड्यांत लिहा, तिथी घालत असाल तर ती कोणत्या पंचांगाची ते लिहा, मुहूर्तापुढे सकाळ की रात्र लिहा. कृष्णपुऱ्याच्या छापखान्यात कुणी “इतकं कशाला हो?” म्हणालं तर ऐकू नका, ती ओळ छापूनच घ्या.